फाटकावरचा हिशेब

बाळा, सोसायटीचा सेक्रेटरी झालास, फार आनंद झाला. आता पंप बंद पडला तरी फोन तुलाच येणार आणि वॉचमन झोपला तरी तुलाच. सुरक्षेची तीन कोटेशनं तू मला पाठवलीस आणि खाली विचारलंस, ‘मावशी, सगळ्यात कमीचंच घेऊ ना?’ त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर तुझं मतही वाचलं, की तुरुंग खासगी कंपन्यांना चालवायला दिले तर सरकारचा केवढा तरी पैसा वाचेल. हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. माझी सगळी नोकरी तुरुंगाच्या फाटकाआड गेली, तेव्हा या विषयावर तुझा कान धरायचा मला हक्क आहे. पैसे जरूर वाचव, सभासदांच्या घामाचे आहेत ते. पण पहाऱ्यातला पैसा कुणाच्या झोपेतून वाचतोय की बिनगरजेच्या कामातून, एवढं पाहिल्याशिवाय सही करू नकोस. चहा घेऊन बस आणि खालचे मंत्र सावकाश वाच.

1. कोटेशनमधला खालचा मोठा आकडा आधी हाताने झाक आणि वरची माणसं मोज — आकडा सगळ्या कमिटीला दिसतो, माणसं मोजायचं राहून जातं.

2. एका फाटकावर चोवीस तास माणूस हवा म्हणजे आठवड्याचे 168 तास झाले. एक माणूस आठ तासांच्या सहा पाळ्या करून 48 तास देतो, म्हणजे एका फाटकाला साडेतीन माणसं लागतात — दोघांत भागवतो म्हणणारी एजन्सी उरलेले तास त्या दोघांच्याच डोळ्यांतून काढणार.

3. दोघांनी बारा-बारा तास केले तर प्रत्येकाचे आठवड्याला 84 तास होतात, तेही एकही सुट्टी न घेता. तुला ऑफिसात असं कुणी सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी दुसरी नोकरी शोधायला लागला असतास — वॉचमन शोधत नाही, कारण गावाकडे पैसे पाठवायची तारीख चुकवून चालत नाही.

4. साडेतीनातला तो अर्धा म्हणजे रिलिव्हर. तो कोण, कुठून येणार, हे करारात लिहून घे — रिलिव्हर नसला की आजारपण, लग्न, जत्रा सगळं डबल ड्युटीवर जातं, आणि डबल ड्युटीचा माणूस पहाटे तीनला उभा दिसला तरी जागा नसतो.

5. दराची फोड माग. मूळ वेतन, विशेष भत्ता, पीएफ, ईएसआय, बोनस, रजेचा पगार, गणवेश, एजन्सीचा मोबदला आणि वर 18 टक्के जीएसटी, प्रत्येकाची ओळ वेगळी — फोड द्यायला जी एजन्सी कां कूं करते, तिने एखादी ओळ गाळलेली असते.

6. मालकाच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के, ईएसआय 3.25 टक्के, बोनस किमान 8.33 टक्के, यात कुणाची हुशारी चालत नाही. दोन कोटेशनांत फार अंतर दिसलं तर ते वेतनात किंवा माणसांच्या संख्येत शोध — बाकी कुठे एवढी जागाच नाही.

7. आपल्या राज्यात किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा दर सहा महिन्यांनी बदलतो. ती वाढ देण्याचं कलम करारात आधीच घाल — नाहीतर एजन्सी तुझ्याकडे मागायला लाजते आणि गरिबाच्या पगारातून भागवते.

8. पगार बँकेत जमा झाला पाहिजे आणि ठरल्या तारखेला झाला पाहिजे. मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलन आणि त्यात आपल्या फाटकावरच्या माणसांची नावं पाहिल्यावरच पुढचं बिल पास कर — नुसतं चलन दाखवणं सोपं असतं, त्यात आपली माणसं दाखवणं अवघड.

आमच्या लाइनीत मी नव्या पोरांना सांगायचे: कुलूप पितळेचं आणि किल्लीवाला उपाशी, तिथे चोराला हातोडा लागत नाही. ज्याच्या हातात तुमच्या घराची रात्र आहे त्याला महिनाअखेरीस उसनवारी करावी लागू नये, ही दयामाया नव्हे, हा बंदोबस्ताचा पहिला नियम आहे. आता कागदपत्रांकडे वळू. तुला कंटाळा येईल, माहीत आहे मला. शाळेतही तू उत्तरपत्रिका परत न वाचता द्यायचास.

9. एजन्सीचा परवाना स्वतः बघ. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा 2005 सालचा आहे आणि परवान्याशिवाय एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात — म्हणून ‘अर्ज केलाय, येईलच’ या उत्तरावर माणसं उभी करू नकोस.

10. परवान्यावरची तारीख वाच, तो पाच वर्षांसाठी असतो — भिंतीवर काचेत लावलेला कागद जुना असला तरी रुबाबदारच दिसतो.

11. त्याच कायद्यात रक्षकाचं वय 18 ते 65 हवं, चारित्र्याची पडताळणी झालेली हवी, प्रशिक्षण पूर्ण हवं आणि फोटोचं ओळखपत्र हवं. चारही गोष्टी माणूसवार माग, ‘सगळ्यांचं झालंय’ असं एका ओळीत घेऊ नकोस — संकट एजन्सीवर येत नाही, एका रात्रीच्या एका माणसावर येतं.

12. केंद्राच्या 2006 च्या नमुना नियमांत नव्या रक्षकाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामावर असं किमान वीस दिवसांचं शिक्षण सांगितलं होतं. माजी सैनिक आणि पोलिसांना कमी, 40 आणि 16 तास. त्यात आग, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणं, गर्दी आवरणं हे सगळं होतं — म्हणजे काल बसमधून उतरलेल्या मुलाला आज शिट्टी आणि टोपी देणं हे शिक्षण नव्हे.

13. प्रमाणपत्र पाहून झालं की त्या माणसाशी पाच मिनिटं बोल. मीटर रूममधून धूर आला तर आधी काय कराल, लिफ्टमध्ये आजी अडकल्या तर कुणाला फोन कराल — शिकलेला माणूस चाचरत का होईना सांगतो, न शिकलेला सुपरवायझरकडे बघतो.

14. लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश मागू नकोस, कितीही छाप पडत असली तरी — त्याला कायद्यानेच बंदी आहे.

15. महाराष्ट्रात 1981 पासून खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचा आणि कल्याणाचा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं काम करतात. तुमची माणसं या कायद्यात कुठे बसतात, हे एजन्सीला सरळ विचार — जिने आपल्या माणसांची कागदपत्रं नीट केली आहेत तिला हे उत्तर तोंडपाठ असतं.

16. किमान वेतन, पीएफ असे कामगार कायदे मोडले तरी 2005 च्या कायद्याखाली परवाना रद्द होऊ शकतो. हे एजन्सीच्या मालकाशी गोड शब्दांत एकदा बोलून घे — पुढचे दहा वाद तिथेच मिटतात.

आता खर्च कुठे कापायचा ते सांगते. कापायला जागा भरपूर असते, फक्त ती कोटेशनमध्ये दिसत नाही. रात्री अकरानंतर आवारात एक फेरी मारलीस की दिसते.

17. मागचं फाटक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेव. रोजचे आठ तास म्हणजे आठवड्याचे 56, एका माणसाच्या अख्ख्या आठवड्यापेक्षा जास्त — सभासदांना थोडा वळसा पडेल, पण कुणाची झोप न कापता पैसा वाचेल.

18. बंद फाटकाची किल्ली पुढच्या केबिनमध्ये, ठरल्या खिळ्यावर, आणि प्रत्येक पाळीत ती आहे का ते बघायचं — आग लागली आणि किल्ली सापडली नाही तर वाचवलेला रुपया फार महागात पडतो.

19. दिवे आधी, कॅमेरे नंतर. पार्किंगचा कोपरा, पंप रूम, जिन्याखालची जागा उजळ कर — अंधारात कॅमेराही चाचपडतो.

20. कॅमेरे थोडे घे पण चालू ठेव, आणि दर सोमवारी कालचं रेकॉर्डिंग उघडून बघ — मी म्हणते, कॅमेरा चोराची पाठ दाखवतो, वाट अडवत नाही. आणि डीव्हीआर बंद असेल तर पाठही दाखवत नाही.

21. कुंपणाच्या भिंतीला टेकलेली झाडाची फांदी आणि मोडकी जाळी पावसाळ्याआधी काढून टाक — एक दिवसाची मजुरी वर्षभराचा एक पहारा वाचवते.

22. वॉचमनला गाडी धुवायला, सिलिंडर वर न्यायला, भाजी आणायला सांगायचं नाही, हा ठराव सर्वसाधारण सभेत कर. अध्यक्षांच्या घरालाही तो लागू — त्या दहा मिनिटांत फाटकावर कुणी नसतं, आणि ज्याला यायचं असतं तो तेवढ्याचीच वाट बघत असतो.

23. खुर्ची, पंखा, पिण्याचं पाणी, जवळ संडास, पावसाळ्यात रेनकोट. हे पाच खर्च वादाविना मंजूर कर — संडास लांब असला की माणूस रात्रीतून चार वेळा फाटक सोडतो, यात त्याचा काय दोष?

24. माणसं सारखी बदलणारी एजन्सी स्वस्त असली तरी नको — नवा माणूस साठ घरांना ओळखेपर्यंत दोन महिने जातात, तोवर प्रत्येक अनोळखी त्याला सभासद वाटतो आणि प्रत्येक सभासद अनोळखी.

25. त्यांना नावानं हाक मार, ‘ए वॉचमन’ नको, आणि मुलांनाही तसंच शिकव. पहाऱ्याला नाव तर चोराला घाव — ज्याला घरातली माणसं ओळखतात तो घराकडे घरच्यासारखा बघतो.

26. रजिस्टर भरून घेण्यापेक्षा इंटरकॉमवरून विचारून सोडणं महत्त्वाचं — रजिस्टरात कुणीही काहीही नाव लिहितो आणि ते कुणी वाचत नाही.

27. घरकामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या उघडायला लावू नकोस. आमच्याकडे झडती असायची, पण तिला नियम होते: सगळ्यांची सारखी, आडोशाला, बाईची बाईनंच — तुझ्या वॉचमनला कुणाच्या संमतीशिवाय पिशवीत हात घालायचा अधिकार नाही, आणि रोज अपमान झालेली बाई संशयास्पद काही दिसलं तरी तुला सांगायला येणार नाही.

28. चोर सापडला तर मारायचं नाही, बसवायचं आणि 112 ला फोन करायचा. समोर घडलेल्या दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यात सामान्य माणूस धरू शकतो, पण विनाकारण उशीर न करता आणि फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे — जमावाच्या हातून तो दगावला तर चोरीचा गुन्हा बाजूला राहतो आणि खुनाचा तुमच्या आवारात नोंदला जातो.

29. गणपतीत, दिवाळीत जादा माणसं लागणार असतील तर महिनाभर आधी, लेखी, नावांसकट माग. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकला जीफोरएस या जगातल्या मोठ्या कंपनीने दहा हजारांवर रक्षक द्यायचं कबूल केलं होतं. ऐनवेळी माणसं कमी पडली आणि सरकारला साडेतीन हजार सैनिक जादा बोलवावे लागले — तुझ्या सोसायटीसाठी सैन्य येणार नाही.

30. हजेरीपट आणि उभी माणसं, दोन्ही स्वतः ताडून बघ, महिन्यातून एकदा तरी अवेळी — कागदावरचा शिपाई चोराला सलाम ठोकतो.

या शेवटच्या मंत्रावर जरा थांबते, कारण इथूनच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे जायची वाट आहे. अमेरिकेत आयडाहो राज्याने आपला एक मोठा तुरुंग करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या खासगी कंपनीला चालवायला दिला होता. आत मारामाऱ्या इतक्या, की कैदी त्याला ‘ग्लॅडिएटर स्कूल’ म्हणायचे. 2013 मध्ये कंपनीने कबूल केलं की पहाऱ्याच्या सुमारे 4,800 तासांच्या नोंदी खोट्या होत्या: कागदावर रक्षक होता, जागेवर कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी राज्याने तो तुरुंग परत ताब्यात घेतला. तुझ्या सोसायटीच्या हजेरीपटात जे होऊ शकतं तेच तिथे झालं, फक्त भिंती उंच होत्या आणि आतल्या माणसाला पळून जायची सोय नव्हती. म्हणून यापुढचे मंत्र तुरुंगाचे आहेत, आणि तू त्यांच्यासाठी मतदार आहेस, करदाता आहेस, तेव्हा ‘मला काय त्याचं’ म्हणू नकोस.

31. तुरुंगाचा खर्च कमी करायचा म्हटलं की सगळ्यांची नजर आधी शिपायांच्या संख्येवर जाते, कारण तिथे पगार दिसतो. 2016 च्या नमुना कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक रक्षक असं प्रमाण धरलं आहे — त्याखाली गेलं की बराकीत राज्य शिपायाचं राहत नाही, दांडग्या कैद्याचं होतं.

32. रोज सकाळ-संध्याकाळ गिनती होते, आणि ती जुळेपर्यंत पुढचं काही हलत नाही. मोजणारा दमलेला असला की मोजणी जुळते पण माणूस चुकतो — कोण आजारी आहे, कोण गप्प झालाय, कुणाच्या अंगावर वळ आहेत, हे दमलेल्या डोळ्यांना दिसत नाही.

33. नव्याने आत आलेल्यावर पहिल्या काही रात्री लक्ष ठेवावं लागतं — जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा धोका तेव्हा सगळ्यात मोठा असतो, आणि त्याला यंत्र नाही, जागा माणूस लागतो.

34. मुलाखत, पत्र, फोन यांवरचा खर्च कधी कापू नये. ज्याला घरचं माणूस भेटून गेलं त्याची बराक त्या आठवड्यात शांत असते — आईला तोंड दाखवायचं असलेला माणूस भांडण गिळतो.

35. बायकांच्या तुरुंगात सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर राहू शकतात. त्यांचं दूध, पाळणाघर, डॉक्टर याला खर्च म्हणून बघणाऱ्याशी मी नोकरीभर भांडले — त्या पोराने काहीही केलेलं नसतं.

36. खरा पैसा कुठे जातो ते आकड्यांत बघ. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 4,36,266 माणसांची जागा होती आणि आत होते 5,73,220. म्हणजे 131 टक्के — आणि त्यांतल्या दर चारांत तिघांवर अजून गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

37. या न्यायाधीन बंद्यांपैकी कित्येकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण रक्कम किंवा जामीनदार नसतो. अशाला रोज जेवण, पहारा, औषध आणि कोर्टात न्यायला पोलीस गार्ड देण्यात सरकार जे खर्चतं ते अनेकदा त्या जामिनापेक्षा जास्त होतं — आणि त्याला आत ठेवल्याने बाहेर कुणीही जास्त सुरक्षित होत नाही.

38. म्हणूनच 2023 मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली: न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत, शिक्षा झालेल्याला दंड भरायला 25,000 रुपयांपर्यंत मदत. माझ्या मते तुरुंगाच्या खर्चातला हा सगळ्यात शहाणा रुपया आहे — एकदा खर्च होतो आणि रोजचा खर्च थांबवतो.

39. 1979 च्या हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर बिहारमधली अशी माणसं आली, जी गुन्हा सिद्ध झाला असता तरी एवढी शिक्षा झाली नसती इतकी वर्षं खटल्याशिवाय आत होती. आता नव्या संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्याच गुन्ह्यातल्या बंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचा विचार व्हावा लागतो. मरणाची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळले आहेत — कायदा आहे, पण यादी काढून कोर्टापुढे ठेवणारा माणूस तुरुंगात हवा.

40. व्हिडिओवरून कोर्टाची तारीख झाली की गार्ड, गाडी, डिझेल वाचतं, ते चांगलंच. पण बंद्याला वकिलाशी एकांतात बोलायला वेळ मिळालाच पाहिजे — पडद्यावर मान डोलावून झालेल्या तारखा खटला पुढे नेत नाहीत, आणि लांबलेला खटला म्हणजे लांबलेला खर्च.

41. भिंत नसलेला तुरुंग आपल्याच मातीत आहे, हे तुला माहीत असलं पाहिजे. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत उभी केली. शिक्षा झालेले लोक तिथे शेती करत, मोकळे राहत. व्ही. शांतारामांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला आणि कथा आटपाडीशेजारच्या माडगुळ्याचे गदिमा यांची — सिनेमा सगळ्यांनी पाहिला, वसाहत पाहायला फार थोडे गेले.

42. पैठण, येरवडा, मोर्शी, विसापूर इथेही खुली कारागृहं आहेत. निवडून, पारखून पाठवलेला बंदी तिथे पळत नाही, पिकं काढतो — थोडक्या शिपायांत काम भागतं आणि सुटल्यावर त्याच्या हाताला कामाची सवय राहते.

43. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) म्हणजे गुन्हेगाराचे लाड, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एकच: तो कधीतरी सुटणारच आहे. घर तुटलेला सुटलेला माणूस तुझ्या फाटकाबाहेर उभा राहतो, घर टिकलेला घरी जातो — सार्वजनिक सुरक्षा म्हणतात ती याहून वेगळी काही नाही.

44. आता तुझ्या खासगी तुरुंगाविषयी. कंपनीला दरडोई पैसे दिले की तिला कैदी हवेसे वाटतात. पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न परगण्यात खासगी बालसुधारगृहांचा बांधकामवाला आणि सहमालक यांच्याकडून दोन न्यायाधीशांनी पैसे घेतले आणि किरकोळ खोड्यांसाठी मुलं आत धाडली गेली. 2011 मध्ये दोघांना मोठ्या शिक्षा झाल्या — ज्याच्या धंद्याला कोंडवाडा भरलेला हवा, त्याच्याकडे पोरांची किल्ली देऊ नये.

45. बिल कशावर लागतं ते नेहमी तपासावं. ब्रिटनमध्ये पायात इलेक्ट्रॉनिक पट्टी बांधून नजर ठेवण्याचं काम जीफोरएस आणि सर्को यांच्याकडे होतं. 2013 मध्ये उघड झालं की मेलेल्या आणि तुरुंगात परत गेलेल्या माणसांवरही बिल लागत होतं — पाहणारा आणि बिल लावणारा एकच असला की मेलेलाही हजर असतो.

46. त्याच देशात बर्मिंगहॅमचा तुरुंग 2011 मध्ये जीफोरएसकडे गेला, 2016 च्या डिसेंबरात तिथे मोठा दंगा झाला आणि 2018 मध्ये सरकारला तो परत घ्यावा लागला. अमेरिकी न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनीही 2016 मध्ये लिहिलं, की बहुतेक बाबतींत कंत्राटी तुरुंगांत दरडोई सुरक्षेच्या घटना सरकारी तुरुंगांहून जास्त घडल्या — वाचलेले पैसे दंग्यात गेले म्हणजे ते वाचले नव्हतेच.

47. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये खासगी तुरुंगाचा कायदाच रद्द केला. माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या हातात देता येत नाही, असं त्या निकालाचं म्हणणं — स्वयंपाकघर, धोबीकाम, दुरुस्ती खुशाल कंत्राटाने दे, पण किल्ली, शिक्षा आणि बळाचा वापर सरकारकडेच राहू दे.

48. सरकारी तुरुंग उत्तम चालतात असं मी म्हणत नाही; मुंबईचं आर्थर रोड वर्षानुवर्षं क्षमतेच्या कित्येक पट भरलेलं राहिलं आहे. पण सरकारी तुरुंगाबद्दल तुला आमदाराकरवी विधानसभेत प्रश्न विचारता येतो, न्यायाधीश कधीही पाहणीला जाऊ शकतात — तो दरवाजा कंत्राटाच्या गोपनीयतेच्या कलमाने बंद होऊ देऊ नकोस.

49. तिन्ही कोटेशनांत तुला मी मधलं सुचवते. खालच्यात एका फाटकाला दोनच माणसं आहेत आणि बोनसची ओळ नाही. वरच्यात बाउन्सर आणि बूम बॅरियर आहे, जे तुला नको — मधल्यात साडेतीनचा हिशेब बरोबर आहे, त्यात मागचं फाटक रात्री बंद केलंस तर दरही खालच्याच्या जवळ येईल.

50. आणि एक काम माझ्यासाठी कर. तुमच्या धुण्याभांड्याच्या बाईचा, इस्त्रीवाल्याचा, नाहीतर वॉचमनचाच कुणी नातेवाईक जामिनाच्या पैशांअभावी आत असेल तर त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठव, आणि जमलं तर सोबत जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो — कायदा 1987 चा आहे आणि फोन नंबर 15100.